नास्तिकाचा राग

1891च्या फेब्रुवारीत, लंडनमध्ये वकिलीचं शिक्षण घेणारा 21 वर्षांचा मोहनदास गांधी चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या दफनविधीला गेला होता. ब्रॅडलॉ म्हणजे त्या काळातल्या इंग्लंडमधले सर्वांत प्रसिद्ध नास्तिक, आणि त्यामुळे सर्वांत बदनामही. शिवाय पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू लावून धरणारे, 1889च्या मुंबई काँग्रेसला मुद्दाम आलेले. म्हणून लंडनमधली हिंदी मंडळी त्या दिवशी झाडून गेली होती. काही पाद्रीही अखेरचा मान द्यायला आले होते. परतताना सगळे स्टेशनवर गाडीची वाट पाहत असताना गर्दीतल्या एका कडव्या नास्तिकाने अशाच एका पाद्र्याला गाठलं. देव आहे म्हणता ना? पृथ्वीचा घेर इतके हजार मैल आहे, हेही कबूल ना? मग तुमचा देव केवढा आहे आणि असतो कुठे, ते सांगा. पाद्री हळू आवाजात म्हणाला, तो तुमच्या-माझ्या हृदयात असतो. मला काय कुक्कुलं बाळ समजलात, असं म्हणून त्या गृहस्थाने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. पाद्री गप्प राहिला. हे संभाषण ऐकून नास्तिक्याविषयीची आपली नावड आणखी वाढली, असं गांधींनी आत्मकथेत नोंदवून ठेवलं आहे.

त्या गृहस्थाचं नाव गांधी देत नाहीत. मला मात्र तो चांगला ओळखीचा वाटतो. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गणपतीत, दिवाळीच्या फराळाला तो हमखास भेटतो. मुद्दा बहुधा त्याचाच बरोबर असतो. देवाचा आकार विचारण्यात तर्काची चूक काहीच नाही. पण आपल्यासमोर उभा असलेला पाद्री एका नास्तिकाला निरोप द्यायला वाट वाकडी करून आलाय, हे त्याला दिसत नाही. नास्तिकाला समाजाने स्वीकारल्याची एखादी खूण त्या दिवशी त्या फलाटावर शोधायची म्हटली असती, तर ती म्हणजे तो पाद्रीच होता. नेमका त्यालाच धरून झोडपला.

आणि ज्याला माती देऊन ही मंडळी परतत होती, त्या ब्रॅडलॉचा राग काही कमी नव्हता. 1880 साली ते नॉर्थम्प्टनहून निवडून आले आणि ईश्वराच्या नावाने शपथ घेण्याऐवजी मला प्रतिज्ञा करू द्या, म्हणाले. परवानगी मिळाली नाही. बरं, शपथ घेतो म्हणाले, तर नास्तिकाच्या तोंडच्या शपथेला अर्थ काय म्हणून तीही घेऊ देईनात. एक रात्र पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडून घातलं. पुढे एकदा अक्षरशः धक्के मारून बाहेर काढलं. पोटनिवडणुका व्हायच्या आणि नॉर्थम्प्टनचे मतदार पुन्हा ह्यांनाच निवडून द्यायचे. शेवटी 1886 साली त्यांना आसन मिळालं आणि 1888 साली शपथेऐवजी प्रतिज्ञेचा हक्क देणारा कायदा त्यांनी पार्लमेंटकडून करून घेतला. नॉर्थम्प्टन हे जोडे शिवणाऱ्यांचं गाव. तिथले मतदार सगळे नास्तिक थोडेच होते? पण आपण निवडून दिलेल्या माणसाला दारातून हाकलतात, म्हणजे आपलं मत केराच्या टोपलीत टाकतात, हे त्यांना कळत होतं. ब्रॅडलॉच्या रागात त्यांना स्वतःचा अपमान दिसत होता.

आपल्या विधानसभेत शपथविधीच्या दिवशी काही आमदार ईश्वरसाक्ष शपथ घेतात, काही गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतात. टीव्हीपुढे चहा पीत बसलेल्या कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. ही सहजता कुठून आली, याचा विचार करायची आपल्याला कधी गरज पडली नाही. 17 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी, अशी दुरुस्ती मांडली होती. मतदान झालं. बाजूने 41, विरोधात 68. ते 68 जण नास्तिक नव्हते. घरी देवपूजा करून सभेला येणारे त्यांत पुष्कळ असणार. श्रद्धा सक्तीची करता येत नाही, एवढं त्यांना पटलेलं होतं. नास्तिकांनी त्या दिवशी आवाज चढवला असता, तर आकडा कुठे गेला असता कोण जाणे. उलट, ब्रॅडलॉसारख्यांनी आधी आवाज चढवला नसता, तर हा प्रश्न त्या सभेपुढे त्या रूपात आला असता का, हेही कोण जाणे.

गांधींची नावड मात्र फलाटावरच राहिली नाही. अर्धशतकाहून जास्त काळ लोटल्यावर तिच्या समोर दुसराच नास्तिक येऊन बसला. गोपराजू रामचंद्र राव, सगळे त्यांना गोरा म्हणत. आंध्रातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. नास्तिक्यापायी नोकऱ्या गेलेल्या. 1940 साली मुदुनूर नावाच्या खेड्यात त्यांनी नास्तिक केंद्र सुरू केलं. गांधींना भेटीसाठी पत्र लिहिलं, तर गांधींनी कळवलं, नास्तिक्याचा प्रचार आजवर कुणाला साधलेला नाही. गोरांनी नाद सोडला नाही. 1944 साली ते सेवाग्रामला आले. वर्ध्याजवळच्या त्या आश्रमात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना चाले आणि हा माणूस देव नाही म्हणत तिथे राहिला. गांधींनी त्यांना बोलायला बोलावलं तेव्हा गोरांनी देवाचा आकार विचारला नाही. हिंदू म्हटलं की जात येते, मुसलमान म्हटलं की वेगळी पंगत येते, आम्ही खेड्यात सगळ्यांच्या एकत्र पंगती घालतो, अस्पृश्य म्हटल्या गेलेल्यांच्या वस्तीत राहतो, आणि ते करताना देव बाजूला ठेवला की काम सोपं होतं, असा त्यांचा रोख होता. आपल्या थोरल्या मुलीचं लग्न त्यांनी अस्पृश्य समाजातल्या तरुणाशी ठरवलं. ते सेवाग्रामला लावून द्यायचं गांधींनी कबूल केलं, आणि विधीत ईश्वराचं नाव न घेता सत्याचं नाव घ्यायलाही ते तयार झाले. लग्न झालं मार्च 1948 मध्ये, गांधींच्या खुनानंतर. माझं आस्तिक्य बरोबर आणि तुमचं नास्तिक्य चूक असं मी म्हणू शकत नाही, इथपर्यंत गांधी आले होते. गोरांनी त्या भेटींवर पुस्तकच लिहिलं.

गोरांना राग येत नसेल, असं मला वाटत नाही. ज्याची नोकरी जाते आणि ज्याच्या पंगतीला गाव हसतं, त्याला राग येतोच. पण त्यांचा राग दुसऱ्या कुणासाठी तरी होता, आणि ऐकणाऱ्याला ते दिसत होतं. फलाटावरच्या गृहस्थाचा राग फक्त स्वतःच्या शहाणपणासाठी होता. मला या सगळ्या वादात जे काही म्हणायचं आहे ते एवढ्यातच आहे. नास्तिकाने रागवावं की रागवू नये, हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. तो कुणाच्या वतीने रागावला आहे, ते आधी बघावं. लोक आधी तेच बघतात.

माझ्या घरातलं सांगते. लग्न होऊन सासरी आले तेव्हा देव मानत नाही हे नवऱ्याला ठाऊक होतं, बाकीच्यांना पहिल्या भाद्रपदात कळलं. सासूबाईंनी फार मनावर घेतलं नाही. "नाही मानत तर नको मानूस. पण उकडीच्या मोदकाच्या कळ्या तुझ्याइतक्या सुबक कुणाला येत नाहीत, त्या तेवढ्या कर," म्हणाल्या. मामंजींशी मात्र वाद होत. मी डार्विन काढायची, ते गीता काढायचे. दोघंही आपापल्या जागी पक्के. त्या वादांतून काय निष्पन्न झालं म्हणाल, तर मामंजींनी एकदा उत्क्रांतीवरचं मराठी पुस्तक मागवून घेतलं आणि समासात सगळीकडे प्रश्नचिन्हं करून परत दिलं. आरतीला मी उभी राहते, टाळ्या वाजवते. चाल आवडते मला. त्यात ढोंग आहे असं माझ्या काही पुरोगामी मित्रांना वाटतं. त्यांच्या घरी गौरी-गणपतीचा स्वयंपाक कोण करतं, ते मी विचारत नाही.

बाईचं नास्तिक्य स्वयंपाकघरातून जातं, हे पुरुष नास्तिकांच्या लक्षात येत नाही. त्यांना देव नाकारायचा म्हणजे हात न जोडता उभं राहायचं, एवढंच. आम्हाला सोवळं, नैवेद्य, उपासाचं वेगळं, दारच्या सवाष्णीचं वेगळं, हे सगळं रांधून मग नाकारावं लागतं. आणि पाळी. माझ्या धाकट्या जाऊबाई दर वर्षी गौरींच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायच्या. त्यांना त्या सोसायच्या नाहीत. उलट्या व्हायच्या, पाय सुजायचे. तरी ऐन सणाला बाजूला बसायला नको म्हणून घ्यायच्या. एका वर्षी त्यांचा सुजलेला चेहरा बघून माझा तोल गेला. घरात पाहुणे, ओटीवर सुपं मांडलेली, आणि मी सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात म्हणाले, "या गोळ्या आता या घरात येणार नाहीत. हिला शिवायचं नसेल तर मलाही शिवायचं नाही, नैवेद्य बाहेरून मागवा." एवढं ओरडल्याचं मला आठवत नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दोन दिवस घरात भांड्यांचाच आवाज. पुढच्या वर्षी जाऊबाईंची पाळी अगदी गौरी जेवणाच्या दिवशी आली आणि पुरण त्यांनीच वाटलं. शेजारच्या काकूंनी भुवया उंचावल्या, तर सासूबाई म्हणाल्या, "हल्लीच्या गौरींना कळतं हो सगळं."

आता यात नास्तिक्य स्वीकारलं गेलं का? मुळीच नाही. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. माझं देव न मानणं जिथे होतं तिथेच राहिलं. पण त्या दिवसापासून सासूबाई पाहुण्यांना माझी ओळख करून देताना आवाज खाली करीत नाहीत. "ही आमची थोरली, देव मानत नाही," असं सरळ सांगतात, जसं एखादीला गोड चालत नाही असं सांगावं तसं. डार्विनने जे झालं नाही ते एका आरड्याओरड्याने झालं. आणि तो आरडाओरडा देवाविरुद्ध नव्हता, एका आस्तिक बाईच्या बाजूने होता.

हे मोठ्या प्रमाणावर पाहायचं तर तमिळनाडूकडे बघावं. पेरियारांइतका उघड, रांगडा, खिजवणारा नास्तिक आपल्या देशात दुसरा झाला नसेल. 1953 साली त्यांनी जाहीरपणे गणपतीच्या मूर्ती फोडल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फिर्याद न्यायालयाने फेटाळली, पण लोकांच्या श्रद्धेचा विषय खालच्या कोर्टांनी इतका हलका घ्यायला नको होता, असंही 1958च्या निकालात सुनावलं. मला स्वतःला मूर्ती फोडणं आवडत नाही. मातीची असो की धातूची, कुणीतरी हाताने घडवलेली असते. पण माझी आवड-निवड सोडा. एवढं करूनही तिथल्या लोकांनी पेरियारांना डोक्यावर घेतलं, ते का? देवळं ओसाड पडली म्हणून? तमिळनाडूतल्या देवळांत आजही पाय ठेवायला जागा नसते. श्रीरंगमच्या रंगनाथाच्या देवळासमोर पेरियारांचा पुतळा आहे आणि त्याच्याजवळून भाविक दर्शनाला जातात. ज्या माणसांना त्या देवळांच्या गाभाऱ्यापासून, रस्त्यांपासून, पंगतींपासून शतकानुशतकं लांब ठेवलं, त्यांच्या वतीने हा माणूस संतापला आहे, एवढं त्यांना पुरलं. पुरोहिताशिवाय होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना अण्णादुराईंच्या सरकारने 1967 साली कायद्याने मान्यता दिली. त्या पद्धतीने लग्न लावून जोडपी पुढे मुरुगनच्या दर्शनाला जातात, याचं पेरियारांना काय वाटलं असतं, ते सोडून द्या. लोकांनी नास्तिक घेतला, नास्तिक्य ठेवून दिलं.

आपल्याकडे आगरकरांचं तेच झालं. 1888 साली 'सुधारक' काढणाऱ्या या माणसाची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. विधवांच्या केशवपनावर, बालविवाहावर त्यांनी जे लिहिलं त्यात राग ओतप्रोत आहे. त्यांच्या पत्नी यशोदाबाई स्वतः धार्मिक होत्या, त्यांच्या व्रतवैकल्यांच्या आड मात्र ते आले नाहीत. माझ्या शाळेच्या पुस्तकात आगरकरांवर धडा होता. केशवपन होतं, बालविवाह होता, देव न मानणं एका ओळीत उरकलं होतं. भगतसिंगांचं तर विचारूच नका. तुरुंगात त्यांनी आपण नास्तिक का आहोत यावर निबंध लिहिला, तोही एका सहकैद्याच्या आरोपावर, की हे नास्तिक्य म्हणजे तुझा अहंकार आहे. रिक्षाच्या मागच्या काचेवर भगतसिंग आणि पुढे डॅशबोर्डवर साईबाबा, हे मी रोज बघते. फाशी गेलेल्या नास्तिकाला सगळं माफ असतं.

इथपर्यंत लिहिल्यावर मला दाभोलकरांपाशी थांबावं लागतं, कारण इथे माझं म्हणणं अडतं.

डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा विवेकजागराचा वाद-संवाद महाराष्ट्रात गावोगावी झाला. मी तो एका तालुक्याच्या गावी ऐकला. लागू म्हणायचे, देव ही कल्पना कालबाह्य झाली आहे, त्याला आता निवृत्त करा. मध्यमार्ग वगैरे काही नाही. सभागृहात चुळबुळ व्हायची. 'नटसम्राट' पाहिलेले लोक आवाज ऐकायला आलेले असत आणि तो आवाज त्यांच्या घरच्या देव्हाऱ्यापर्यंत पोचायचा. मग दाभोलकर उठायचे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीला देवाविषयी भूमिका नाही, संविधानाने प्रत्येकाला श्रद्धेचं स्वातंत्र्य दिलं आहे, आमचा विरोध देवाच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे. अंगाऱ्याधुपाऱ्यात औषधाविना मेलेलं पोर, मूल होण्यासाठी बाबाकडे नेलेली बाई. लोक शांत व्हायचे. साताऱ्याचा कबड्डीपटू, पण मंचावर अजिबात अंगावर न जाणारा. लागूंच्या बोलण्यात धार, दाभोलकरांच्या बोलण्यात समजूत, अशी ती जोडी होती.

20 ऑगस्ट 2013च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या समजुतीने बोलणाऱ्यावर. 2015 साली कोल्हापुरात गोविंद पानसरे, त्याच वर्षी धारवाडला कलबुर्गी.

म्हणून नास्तिकांनी जरा गोड बोलावं, म्हणजे समाज ऐकतो, हा सल्ला कुणी देऊ लागलं की माझ्या कपाळाची शीर उडते. दाभोलकरांइतकं गोड आणखी किती बोलायचं? सूर मवाळ ठेवला की सुरक्षित राहता येतं, हे खोटं आहे. ज्याच्या धंद्यावर पाय पडतो, त्याला तुमचा सूर ऐकू येत नाही. आणि ज्या जादूटोणाविरोधी विधेयकासाठी दाभोलकर वर्षानुवर्षं मंत्र्यांचे आणि आमदारांचे उंबरे झिजवत होते, त्याचा वटहुकूम निघाला तो ते गेल्यावर, काही दिवसांत, रस्त्यावर उतरलेल्या रागामुळे. डिसेंबरमध्ये कायदा झाला. तो चाळून बघावा. पूजाअर्चा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही, असं त्यातच लिहिलं आहे. बंदी आहे ती नरबळीवर, भूत उतरवायला साखळीने बांधून मारण्यावर, दैवी शक्तीच्या नावाखाली चालणाऱ्या लुबाडणुकीवर. त्या ऑगस्टमध्ये पुण्यात मोर्च्याला आलेल्यांत गळ्यात तुळशीची माळ असलेली माणसंही मी पाहिली. त्यांना देव नाही हे पटलेलं नव्हतं. एका भल्या माणसाला मारलं, याचा त्यांना संताप आला होता. म्हणजे माझं म्हणणं अडलं आणि पुन्हा तिथेच पोचलं. फक्त त्याची किंमत काय पडते, हे या वेळी कळलं.

माझ्या भाचीला हे सगळं पटत नाही. ती तिशीच्या आतली, बंगळूरला नोकरी करते. "मावशी, म्हणजे मला राग यायचा तर आधी कुणीतरी दुःखी, पिचलेलं शोधून काढायचं का? माझ्या ऑफिसात नव्या मजल्याची पूजा होते, नारळ फोडायला मलाच उभं करतात, नको म्हटलं तर एचआरवाली 'एवढं काय त्यात' म्हणते. मला माझ्यासाठी राग आला तर तो कमी दर्जाचा?" मी म्हटलं, कमी दर्जाचा नाही, पण त्याला गिऱ्हाईक कमी. "गिऱ्हाईक मिळवायला मी काय दुकान टाकलंय?" म्हणाली. तिचं खरं आहे. दुसऱ्याच्या दुःखाच्या आडोशाने जेवढं स्वीकारलं जाणं वाट्याला येतं, त्यावर माझ्या पिढीने भागवलं. ते तिला पुरत नाही. तिला काहीही चांगलं न करता, कुणाला न वाचवता, साधी नास्तिक म्हणून जगायचं आहे, जसे साधे आस्तिक जगतात. आस्तिकाला कुणी विचारत नाही, की तू देव मानतोस तर समाजासाठी काय केलंस?

2011च्या जनगणनेत सबंध देशात नास्तिक म्हणून नोंद झालेले सुमारे 33 हजार. त्यात महाराष्ट्रातले साडेनऊ हजारांहून थोडे अधिक. धर्म न सांगितलेले सुमारे 29 लाख. या कुठल्याच आकड्यात मी नाही. गणनेला शिक्षक आले तेव्हा मी कामावर होते. मामंजींनी सगळ्या घराची माहिती दिली आणि धर्माच्या रकान्यात सगळ्यांपुढे एकच शब्द पडला. त्यावरून मी भांडले नाही. भाचीला हे सांगितलं तर तिला हसावं की रडावं कळेना. येत्या जनगणनेत घरातल्यांची माहिती आपली आपण मोबाइलवर भरायची सोय आहे, ती आपण वापरायची, असं तिने फोनवर सासूबाईंनाच परस्पर सांगून टाकलं. सासूबाई नव्वदीच्या घरात आहेत, मामंजी आता नाहीत. सासूबाईंनी चष्मा पुसत मला विचारलं, "माझ्यापुढे हिंदूच लिही. तुझ्यापुढे काय लिहायचं असतं गं, नास्तिक की निरंक?"

मी म्हटलं, नास्तिक. "मग तसं ठळक लिही," म्हणाल्या, "नाहीतर ते लोक हिंदूच धरतील."